खरखर कुठून येते?

२०२३ च्या जानेवारीत आमच्या नारायणगावात मोबाइलवर एक बातमी फिरत होती. आमच्या जवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला अवकाशातून ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला रेडिओ संदेश सापडला, असं तिच्यात लिहिलं होतं. कुणीतरी तिला मोठ्या डोळ्यांच्या परग्रहवासीयाचं चित्रही जोडलं होतं. शेजारचा किराणा दुकानदार ती बातमी घेऊन माझ्याकडे आला. "काका, तुम्ही जन्मभर रेडिओ दुरुस्त केलेत. काय म्हणत असतील हो ते?"

मी त्याला सांगितलं, की तिथं बोलणारं कुणी नाही, तो हायड्रोजनचा सूर आहे. त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे नुसता वायूच का?" असं म्हणून तो गेला. त्याला तेव्हाच थांबवून सगळं सांगायला हवं होतं, पण दुकानात गिऱ्हाईक होतं. म्हणून आता सविस्तर लिहितो आहे.

हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटर लांबीची लहर सोडतो. डायलच्या भाषेत ती १४२० मेगाहर्ट्‌झ. विश्वात कुठंही जा, या अणूचा आकडा हाच. त्या दूरच्या दीर्घिकेतून लहर निघाली तेव्हाही ती २१ सेंटिमीटरचीच होती. वाटेत विश्व प्रसरण पावत गेलं, तशी लहरही ताणली गेली आणि खोडदला पोचली तेव्हा ४८ सेंटिमीटरची झाली होती. मॅकगिल विद्यापीठाचे अर्णब चक्रवर्ती आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे निरुपम रॉय यांनी ती शोधली. मधे आलेल्या दुसऱ्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणानं ती वाकवून मोठी केली नसती, तर ती एवढ्या लांबून सापडलीच नसती. या हायड्रोजनपासून तारे बनतात. आपली पृथ्वी आणि सूर्य जन्माला यायच्या कितीतरी आधी एका दीर्घिकेत तारे घडवायला किती कच्चा माल शिल्लक होता, हे त्या लहरीवरून कळलं. मला तरी यापुढे डोळे वटारलेल्या परग्रहवासीयाचं चित्र फिकं वाटतं.

माझं दुकान एसटी स्टँडच्या रस्त्यावर होतं. मी शिकलो ते व्हॉल्व्हच्या रेडिओवर. मर्फी, बुश, फिलिप्स हे दुरुस्तीला यायचे. रेडिओ ठेवायला पोस्टातून लायसन काढावं लागायचं, असा तो काळ. गिऱ्हाइकाची तक्रार बहुतेक वेळा एकच असे, "खरखर येते." माझे उस्ताद म्हणायचे, आधी रेडिओ उघडू नकोस, खरखर कुठून येते ते बघ. विहिरीवरची मोटर चालू झाली की खरखर. खांबावरचा चिनीमातीचा इन्सुलेटर तडकला आणि दव पडलं, की पहाटेपासून खरखर. ट्यूबलाइटच्या चोकची वेगळी, स्कूटरच्या प्लगची वेगळी, लांबवर हरिश्चंद्रगडाकडे वीज चमकली की तिची आणखी वेगळी. ट्रान्झिस्टर आला आणि शोध सोपा झाला. त्याच्या आतली फेराइटची कांडी दिशा ओळखते. ट्रान्झिस्टर हातात धरून हळूहळू फिरवायचा. ज्या दिशेला खरखर एकदम मरते, ती रेघ धरायची. मग दुसऱ्या जागी जाऊन पुन्हा तेच करायचं. दोन रेघा जिथं मिळतील, तिथं खरखरीचं मूळ.

तीन प्रश्न असायचे: कुठून येते, केव्हा येते, पुन्हा येते का? कोण बोलतंय हा प्रश्न आमच्या धंद्यात सगळ्यात शेवटी यायचा. अवकाशातून येणाऱ्या लहरींचा सव्वाशे वर्षांचा इतिहास मी जेवढा वाचला, त्यात मला सतत हेच दिसत आलं. ज्यांनी शेवटचा प्रश्न आधी विचारला त्यांच्या हाती त्यांच्याच मनातलं लागलं. ज्यांनी पहिले तीन प्रश्न नेटानं विचारले, त्यांना कुणी कल्पनाही केली नव्हती अशा वस्तू सापडल्या.

१८९९ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथं निकोला टेस्ला विजेचे आणि वादळांचे प्रयोग करत होता. एका रात्री त्याच्या यंत्रावर ठेक्यात आलेले संकेत उमटले. एक, दोन, तीन अशी मोजणी त्याला त्यांत ऐकू आली. दुसऱ्या ग्रहावरून आलेला हा नमस्कार असावा, असं त्यानं नंतर लिहिलं. त्या काळी मंगळाचं वेड जगभर होतं. इटलीच्या जोव्हानी स्कियापारेल्लीनं १८७७ मध्ये मंगळावर रेघा पाहून नकाशे काढले होते. अमेरिकेच्या पर्सिव्हल लोवेलनं त्या रेघा म्हणजे तहानलेल्या मंगळवासीयांनी खोदलेले कालवे आहेत असं धरून फ्लॅगस्टाफला वेधशाळा बांधली होती. बिनतारी यंत्र हाताशी आलं आणि पलीकडे कालवे खोदणारे आहेतच अशी खात्री होती. मग ठेका ऐकू आला, की तो मंगळाचाच असणार! टेस्लाच्या बुद्धीबद्दल मला नितांत आदर आहे. पण त्यानं ऐकलेलं पुन्हा त्याच दिशेनं, त्याच वेळी आलं का, हे तपासायचं साधन त्याच्यापाशी नव्हतं.

या वेडाचा कळस झाला तो १९२४ च्या ऑगस्टमध्ये. २३ तारखेच्या सुमारास मंगळ पृथ्वीच्या फार जवळ, साडेपाच कोटी किलोमीटरच्या थोडा पुढे, आला होता. डेव्हिड टॉड नावाच्या वृद्ध खगोलशास्त्रज्ञानं अमेरिकेच्या सरकारला गळ घातली, की या दिवसांत प्रक्षेपण थांबवा आणि ऐका. नौदलानं आपल्या केंद्रांना तार केली: विनाकारण प्रक्षेपण टाळा, काही विलक्षण ऐकू आलं तर कळवा. संदेश आलाच तर उलगडायला विल्यम फ्रीडमन हा सैन्यातला नामांकित सांकेतिक लिपीतज्ज्ञ तयार होता. चार्ल्स फ्रान्सिस जेंकिन्स या संशोधकाच्या यंत्रानं आलेले संकेत फोटोच्या कागदाच्या लांब पट्टीवर उमटवले. एका कडेला ठिपके आणि रेघा, दुसऱ्या कडेला थोड्या थोड्या अंतरानं माणसाच्या चेहऱ्यासारखे आकार. वर्तमानपत्रांना दुसरं काय हवं होतं?

इथं माझा धंदा मला एक गोष्ट सांगतो. त्या रात्री जग ऐकत होतं ते हजारो मीटर लांबीच्या लहरींवर. एवढ्या लांब लहरी बाहेरून पृथ्वीवर उतरूच शकत नाहीत. वातावरणाच्या वरच्या भागात विद्युतभारित कणांचा थर आहे, आयनांबर. तो त्यांना परतवून लावतो. आम्हाला शॉर्टवेव्हवरचं रेडिओ सिलोन रात्री स्वच्छ ऐकू यायचं ते याच थराच्या कृपेनं. तिकडून निघालेली लहर या छतावर आपटून आमच्या अंगणात पडायची. जो थर सिलोन आणून देतो, तोच बाहेरच्या लांब लहरींना आत सोडत नाही. हा थर खरोखर आहे हे इंग्लंडमध्ये एडवर्ड ॲपलटननं प्रयोगानं सिद्ध केलं डिसेंबर १९२४ मध्ये, मंगळाची वाट पाहून लोक उठले त्यानंतर चारच महिन्यांनी. मंगळावर कुणी हाका मारत असतं, तरी त्या यंत्रांना ते ऐकू आलं नसतं.

खऱ्या अर्थानं पहिला ऐकणारा म्हणजे कार्ल जान्स्की. त्याची गोष्ट वाचली तेव्हा मला घरचा माणूस भेटल्यासारखं वाटलं. बेल टेलिफोन प्रयोगशाळेतला हा तरुण इंजिनियर. अटलांटिकपलीकडे रेडिओवरून टेलिफोन चालवायचा होता आणि त्यात खरखर यायची. ती कुठून येते हे शोधायचं काम त्याला दिलं होतं. न्यू जर्सीतल्या होल्मडेलच्या शेतात त्यानं सुमारे ३० मीटर लांबीचा अँटेना उभारला, तो फोर्डच्या जुन्या मोटारीच्या चाकांवर ठेवला आणि वीस मिनिटांत एक फेरी या गतीनं फिरवत ठेवला. आम्ही हातात ट्रान्झिस्टर धरून फिरवायचो, तेच त्यानं मोठ्या प्रमाणावर केलं. त्याला तीन प्रकारची खरखर सापडली. एक जवळच्या वादळांची, दुसरी लांबच्या वादळांची. तिसरी मात्र बारीक, संथ, सतत येणारी फुसफुस होती. आधी त्याला ती सूर्याची वाटली, कारण दिवसातून एकदाच ती जोरात यायची. पण महिने जात राहिले तशी ती सूर्याला सोडून सरकत गेली. ती २४ तासांनी परत येत नव्हती, २३ तास ५६ मिनिटांनी येत होती.

हे चार मिनिटांचं गणित शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कुणालाही नवं नाही. तारा रोज चार मिनिटं आधी उगवतो, म्हणून तर नक्षत्रं वर्षभर सरकतात. मृग, आर्द्रा, पुनर्वसू असा सूर्याचा प्रवास धरून आमच्याकडे पेरणीचं ठरतं. जान्स्कीची फुसफुस घड्याळाप्रमाणे चालत नव्हती, ताऱ्यांप्रमाणे चालत होती. तिची दिशा निघाली धनू राशीत, आपल्या आकाशगंगेच्या मध्याकडे. मे १९३३ मध्ये ही बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली. त्याच महिन्यात एका रेडिओ जाळ्यानं ती फुसफुस थेट श्रोत्यांना ऐकवली. घराघरांत लोकांनी आकाशगंगा ऐकली! अवकाशातून कुणी संदेश पाठवत असल्याचा पुरावा नाही, हेही बातमीत स्पष्ट करावं लागलं होतं. मंगळाचं वेड अजून ताजं होतं.

जान्स्कीला पुढे मोठी तबकडी बांधायची होती. कंपनीला टेलिफोनच्या खरखरीचं कारण कळलं होतं, तेवढं तिला पुरे होतं. त्याला दुसरं काम देण्यात आलं. १९५० मध्ये, वयाच्या चव्वेचाळीसाव्या वर्षी तो गेला. आज अवकाशातल्या रेडिओ लहरींचा जोर मोजायच्या एककाला 'जान्स्की' म्हणतात. त्याचं काम पुढे नेलं ग्रोट रेबर या दुसऱ्या रेडिओवाल्यानं. १९३७ मध्ये इलिनॉयमधल्या व्हीटन गावी त्यानं घरामागच्या अंगणात साडेनऊ मीटरची तबकडी स्वतःच्या पैशानं उभी केली. कित्येक वर्षं जगात या विषयावर काम करणारा तो जवळजवळ एकटाच होता.

आता आपल्या बाजूला येतो. १९५३ मध्ये गोविंद स्वरूप हा उत्तर प्रदेशातला तरुण, भौतिकशास्त्रज्ञ के. एस. कृष्णन यांच्या पाठिंब्यानं ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ हे शास्त्र शिकायला गेला. तिथं पॉट्स हिलला सहा फुटांच्या ३२ तबकड्यांची एक मालिका होती. तिचं काम संपत आलं होतं. त्या तबकड्या भारताला मिळाव्यात म्हणून त्यानं खटपट केली आणि त्या मिळाल्या. पुढे तो अमेरिकेत स्टॅनफर्डला होता. १९६२ मध्ये होमी भाभांनी त्याला आणि परदेशातल्या आणखी काही भारतीय तरुणांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावून घेतलं. त्या ३२ तबकड्या १९६५ मध्ये आपल्या कल्याणला उभ्या राहिल्या आणि सूर्याच्या लहरी ऐकू लागल्या. कल्याणहून लोकलनं रोज जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल? भारतातलं रेडिओ खगोलशास्त्र कल्याणला जन्मलं, ही महाराष्ट्रानं अभिमानानं सांगायची गोष्ट आहे. आजवर ती कुणी फारशी सांगितली नाही याचं मला वाईट वाटतं.

मग १९७० मध्ये उटीच्या उतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण झाली. त्या उताराचा कल आणि तिथला अक्षांश सारखाच, अकरा अंश. त्यामुळे एवढी मोठी दुर्बीण एकाच आसाभोवती फिरवून तारा दिवसभर पकडून ठेवता येतो. नंतर खोडद. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांतल्या १४ मधोमध एकत्र, बाकीच्या इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फांद्यांवर आजूबाजूच्या गावांच्या शिवारांत पसरलेल्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २५ किलोमीटर. भरीव पत्र्याची तबकडी आपल्याला परवडली नसती. स्वरूप यांनी दोरखंडांसारख्या ताणलेल्या तारांवर बारीक पोलादी जाळी बसवली. जाळीची भोकं एक-दोन सेंटिमीटरची आणि लहर किमान २१ सेंटिमीटरची, म्हणून ती जाळीतून निसटत नाही, आरशावरून परतावी तशी परतते. वारा मात्र आरपार जातो. वजन घटलं, खर्च घटला. हे डोकं मला थक्क करतं.

आमच्या गावाला आकाशाकडे कान लावून बसण्याची सवय त्याआधीपासूनची. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच शेजारच्या आर्वीला विक्रम साराभाईंच्या नावाचं उपग्रह केंद्र झालं होतं आणि परदेशांतले टेलिफोन तिथून बोलू लागले होते. डोंगरांनी वेढलेला, कारखान्यांपासून लांब, शांत मुलूख हेच आमच्या भागाचं भांडवल.

स्वरूप यांच्या पिढीची मंडळी आपल्याकडे पाया घालत होती, त्याच काळात पश्चिमेत 'कुणी बोलतंय का' हा प्रश्न पुन्हा उठला, पण आता तो शिस्तीनं विचारला जात होता. १९५९ मध्ये कोक्कोनी आणि मॉरिसन या भौतिकशास्त्रज्ञांनी मांडलं, की दुसऱ्या कुणाला बोलायचं असेल तर ते हायड्रोजनच्या १४२० मेगाहर्ट्‌झच्या आसपास बोलतील, कारण हा आकडा सगळ्यांना ठाऊक असणार. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या ग्रीन बँक वेधशाळेत फ्रँक ड्रेकनं टाऊ सेटी आणि एप्सिलॉन एरिडानी या दोन ताऱ्यांकडे कान लावला. सुरुवातीलाच जोरदार ठोके आले. ते विमानाचे निघाले. ड्रेकनं ते स्वतःच शोधून काढलं आणि पुढे जन्मभर हे काम सोडलं नाही.

१९६७ चं केंब्रिज या साऱ्या इतिहासातलं मला सगळ्यात प्रिय पान आहे. उत्तर आयर्लंडची जोसलिन बेल ही विद्यार्थिनी. साडेचार एकरांच्या अँटेनासाठी तिनं स्वतः घण घालून खांब ठोकले, तारा ओढल्या. तिचं यंत्र रोज सुमारे ३० मीटर कागदावर शाईची रेघ काढायचं आणि तो सगळा कागद ती डोळ्यांनी वाचायची. संपूर्ण आकाशाचा फेरा म्हणजे सव्वाशे मीटर कागद. त्यात अर्ध्या सेंटिमीटरहून थोडी मोठी एक खरबड तिला खटकली. ना ती ताऱ्यासारखी होती, ना माणसांच्या गडबडीसारखी. असलीच खरबड पूर्वी याच जागी पाहिली होती, हे तिला आठवलं. सव्वाशे मीटरांत अर्धा सेंटिमीटर! माझ्या मते शोध त्या आठवणीतच लागला, नंतरचा सगळा पुरावा.

नोव्हेंबरच्या अखेरीस तिनं कागद वेगानं पळवला तेव्हा खरबडीचे ठोके वेगळे झाले: दर १.३३ सेकंदाला एक, कमालीचे नेमके. तिच्या मार्गदर्शकांना, अँटनी ह्यूइश यांना, ते माणसाचंच काम वाटलं. मग एकेक शक्यता तपासली गेली. चंद्रावरून परतणारं रडार? उपग्रह? अँटेनाच्या दक्षिणेची पत्र्याची मोठी इमारत? पण खरबड ताऱ्यांच्या वेळेनं, त्याच चार मिनिटांच्या हिशेबानं यायची. शेजारच्या दुसऱ्या दुर्बिणीलाही ती दिसली. तिचं गमतीनं नाव पडलं 'छोटी हिरवी माणसं – १'. गमतीमागे धाकधूक होती. ठोके एखाद्या ग्रहावरून येत असतील, तर तो ग्रह आपल्या ताऱ्याभोवती फिरत असणार आणि ठोक्यांतलं अंतर कमी-जास्त होणार. ह्यूइशनी ते मोजलं. फरक मिळाला तो आपल्या पृथ्वीच्याच फिरण्याचा.

नाताळच्या सुट्टीआधी वरिष्ठांची बैठक झाली: हे जगाला सांगायचं कसं? बेल वैतागली होती. तिला पीएच.डी. पुरी करायची होती आणि या हिरव्या माणसांना नेमका तिचाच अँटेना सापडला होता. त्याच संध्याकाळी कागद चाळताना तिला आकाशाच्या वेगळ्याच भागात तसलीच दुसरी खरबड दिसली. मध्यरात्र उलटल्यावर ती कडाक्याच्या थंडीत वेधशाळेत गेली. गारठ्यानं यंत्र नीट चालेना. तिनं त्यावर फुंकरा घातल्या, ते पाचच मिनिटं शुद्धीवर आलं आणि तेवढ्यात ठोके उमटले: दर १.२ सेकंदांना. दोन वेगवेगळ्या टोकांच्या दोन वसाहती एकाच वेळी आपल्याला, एकाच पद्धतीनं हाका मारतील हे अशक्य. म्हणजे हे नैसर्गिकच.

ते पल्सार निघाले. सूर्यापेक्षा जड, पण एका शहरात मावेल एवढे न्यूट्रॉनचे गोळे, गरगर फिरत रेडिओ झोत टाकणारे. १९६८ मध्ये थॉमस गोल्डनं हे स्पष्टीकरण दिलं. १९७४ चं नोबेल ह्यूइश आणि मार्टिन राइल यांना मिळालं, बेल यांना नाही. तो अन्याय होता असं मी आजही म्हणतो. २०१८ मध्ये तीस लाख डॉलरचं एक पारितोषिक मिळालं तेव्हा बेल यांनी ती सगळी रक्कम विद्यार्थ्यांच्या संशोधनासाठी देऊन टाकली. आपल्या खोडदनं पुढे पल्सारवर फार मोलाचं काम केलं. पल्सारच्या ठोक्यांतला सूक्ष्म चढउतार वर्षानुवर्षं मोजून विश्वात भरून राहिलेल्या गुरुत्वीय लहरींची चाहूल लागली, हे २०२३ च्या जूनमध्ये जाहीर झालं तेव्हा त्यात खोडदचे आकडे होते. हिरव्या माणसांचं नाव मिळालेली ती खरबड कुठवर पोचली पहा!

ओहायोतल्या दुर्बिणीला १५ ऑगस्ट १९७७ रोजी ७२ सेकंदांचा तो प्रसिद्ध संकेत मिळाला आणि जेरी एहमननं कागदाच्या समासात लाल शाईनं 'वॉव' लिहिलं, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. तो पुन्हा कधीच आला नाही. आमच्या उस्तादांच्या नियमानं पाहता पुन्हा न आलेल्या खरखरीवर बिल फाडता येत नाही. म्हणून मी त्यावर जास्त बोलत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीची गोष्ट मात्र सांगायला हवी. अवकाशातून येणाऱ्या झटक्याची एक खूण असते: त्यातल्या उच्च कंप्रतेच्या लहरी आधी पोचतात, नीच कंप्रतेच्या मागून. एकाच वेळी दिंडीतून निघालेल्या माणसांना वाटेतल्या गर्दीनं कमी-जास्त अडवावं, तसं. जेवढी फाटाफूट जास्त, तेवढी मधली गर्दी, म्हणजे इलेक्ट्रॉन, जास्त. २००७ मध्ये डंकन लॉरिमर आणि सहकाऱ्यांनी पार्क्सच्या जुन्या नोंदींत असा एक झटका शोधला. काही मिलिसेकंदांचा, आणि फाटाफूट एवढी की तो आपल्या आकाशगंगेच्या कितीतरी पलीकडचा असणार. पण त्याच दुर्बिणीला बरेचसे तसलेच दिसणारे दुसरे झटकेही मिळत होते आणि ते चक्क सगळ्या दिशांनी एकदम येत होते. मग लॉरिमरच्या झटक्यावर विश्वास कसा ठेवायचा? एमिली पेट्रॉफ या तरुणीनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी ते खोटे झटके केव्हा येतात हे मांडलं. कामाच्या दिवशी, जेवणाच्या वेळी! आवारातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनचं दार, वेळ पुरी व्हायच्या आत कुणी उघडलं, की झटका. २०१५ मध्ये त्यांनी ते जाहीर केलं. लोक या गोष्टीला हसतात. मला तीत फक्त प्रामाणिकपणा दिसतो. स्वयंपाकघरातला ओव्हन वेगळा काढता आला, म्हणूनच लॉरिमरचा झटका खरा ठरला. २०२० च्या एप्रिलमध्ये आपल्याच आकाशगंगेतल्या प्रचंड चुंबकीय शक्तीच्या एका मृत ताऱ्याकडून तसाच झटका आला आणि निदान काही झटक्यांचं मूळ कळलं.

आणि आता आमच्या खोडदची ती रात्र. १९ ऑक्टोबर २०१६. युरोपीय अवकाश संस्थेचं एक यान मंगळावर उतरणार होतं. त्याचं नाव होतं स्कियापारेल्ली, ज्याच्या रेघांवरून कालव्यांचं वेड सुरू झालं त्याच माणसाचं. यानाचा प्रक्षेपक काही वॉटचा, घरातल्या रात्रीच्या दिव्याइतका. त्याचा संकेत मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांसाठी होता, पृथ्वीसाठी नव्हताच. पण प्रयोग म्हणून खोडदच्या तबकड्या तिकडे वळवल्या होत्या. अंतर सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटर. लहरीला इथं पोचायला पावणेदहा मिनिटांहून जास्त वेळ. खोडदच्या पडद्यावर ती बारीक रेघ उमटली. वातावरणात शिरताना यानाचा वेग घटला तशी रेघ सरकली, हवाईछत्री उघडली तशी पुन्हा सरकली. आणि उतरण्याच्या जरा आधी ती तुटली.

नंतरच्या चौकशीत कळलं, की गिरकी मोजणाऱ्या यंत्रानं क्षणभर मर्यादेबाहेरचा आकडा दिला आणि यानाच्या संगणकाला आपण जमिनीखाली आहोत असं वाटलं. छत्री लवकर सुटली, उतरवणारी इंजिनं तीनच सेकंद चालली आणि यान आपटलं. १९२४ मध्ये सगळ्या जगानं मंगळाकडे कान लावून जे ऐकायची इच्छा धरली होती, ते ब्याण्णव वर्षांनी जुन्नर तालुक्यात ऐकू आलं. मंगळावरून आलेला तो संकेत माणसानंच पाठवलेला होता, आणि तो शेवटपर्यंत ऐकणाऱ्यांत आपली तारांची जाळी होती.

हे सगळं ऐकायला शांतता लागते. खोडदच्या आजूबाजूला मोबाइलचे मनोरे वाढले, विजेच्या तारांवर ठिणग्या पडतात, उपग्रह डोक्यावरून जातात. अलीकडे पुणे-नाशिक रेल्वेची आमच्या भागातून जाणारी आखणी दुर्बिणीला बाधा येईल म्हणून बदलायची भूमिका रेल्वे मंत्रालयानं घेतली, तेव्हा इथं नाराजी झाली. ती मी समजू शकतो. टोमॅटो घेऊन रात्रभर रस्त्यावर अडकणारे माझे नातेवाईक आहेत आणि रेल्वे त्यांना मिळायलाच हवी, जरा लांबून का होईना. पण दुर्बीण हलवता येत नाही, आणि तिला लागणारी शांतता एकदा गेली की पैशानं परत आणता येणार नाही. कल्याणला आज घरं आणि कारखाने आहेत. तिथं आता सूर्याची लहर ऐकायला कुणी तबकडी लावणार नाही.

म्हणून माझी वाचकांना विनंती आहे. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, खोडदला सर्वांसाठी प्रदर्शन भरतं. शाळांच्या बस येतात, शास्त्रज्ञ स्वतः उभं राहून समजावून सांगतात. मुलांना घेऊन या. पल्सारचा ठोका ऐकवा असं तिथल्या मंडळींना सांगा. परग्रहवासीयांबद्दलही विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि आवारात शिरण्याआधी मोबाइल बंद करा.